हरवलेली बालमैत्रीण शोधताना: एका पेटीवाल्याचा अनुभव

मी संवादिनी वाजवतो. पेटी म्हणा, मला चालतं. पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, संध्याकाळी साथ केली, आता कर्वेनगरला घरीच शिकवतो. १९७८ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेली आणि २०२२ साली ती मला पुन्हा भेटली. तेव्हापासून ओळखीतले लोक, बहुतेक साठीच्या पुढचे, हळूच बाजूला घेऊन विचारतात, "कसं शोधलंत हो?" प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. तिला विचारूनच लिहितोय. नावाला ती नको म्हणाली, म्हणून नाव नाही.

शोधायला निघण्याआधी

तुम्ही गाणारे-वाजवणारे असाल तर एक गोष्ट आधी मनाशी मान्य करा. आपलं नाव लपलेलं नसतं. कार्यक्रमाची पत्रिका, पेपरातलं 'आजचे कार्यक्रम', गणपती मंडळाचा फलक, सगळीकडे साथीदाराचं नाव बारीक टायपात का होईना, छापून येतं. म्हणजे तिला मला गाठायचं असतं तर एका सकाळी पेपर उघडून गाठता आलं असतं. ती आली नाही. याची दोनच कारणं असतील असं मी धरून चाललो होतो: एक तर विसरली असेल, नाही तर तिला नको असेल. तिसरंही कारण निघालं, ते पुढे सांगतो. ते मला कधीच सुचलं नसतं.

पण तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी स्वतःला एक अट घातली. शोधायचं, पण तिला 'नाही' म्हणायला जागा राहील अशा बेतानं. ही अट तुम्हीही घाला. शोधण्याची खटपट काही महिन्यांची असते. ही अट पाळणं जास्त कठीण जातं.

तिला शोधू नका, भावाला शोधा

मी तीन वर्षं फेसबुकवर तिचं माहेरचं नाव टाकून बघत होतो. शंभर चेहरे निघाले, ती एकाही चेहऱ्यात नव्हती. असणार कशी? आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि आमच्या पिढीत तर ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नावच लिहीत. ज्या नावाची मुलगी मी शोधत होतो त्या नावाची बाई या जगात १९८५ नंतर नव्हतीच.

भावाचं मात्र काही बदलत नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही जागच्या जागी. म्हणून कागद घ्या आणि आठवणी बाजूला ठेवून नुसती माहिती लिहा. वडिलांचं पूर्ण नाव, त्यांचं खातं, भावाची शाळा आणि मॅट्रिकचं वर्ष, मूळ गाव, कुलदैवत, उन्हाळ्यात कुणाकडे जायचे, आत्या कुठे दिली होती. मला वाटलं होतं आपल्याला सगळं पाठ आहे. तिच्या वेणीच्या रिबिनीचा रंग आठवत होता, भावाचं पाळण्यातलं नाव आठवायला चार दिवस गेले. आम्ही त्याला नुसतं बंड्या म्हणायचो.

त्यानंतर तीन ठिकाणी विचारायचं. पहिलं, वाड्यातल्या त्या काकू, ज्यांच्याकडे सगळ्यांचं हळदीकुंकू असायचं. प्रत्येक वाड्यात अशा एक काकू असतातच. आमचा वाडा १९९३ साली पाडला, बिऱ्हाडं धनकवडीपासून पिंपरीपर्यंत पांगली, पण काकूंनी लग्नपत्रिका जपून ठेवल्या होत्या. भावाच्या लग्नाची पत्रिका त्यांच्याकडे निघाली. आता लवकर जा हे सांगायला नको. काकू तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या.

दुसरं, वडिलांच्या खात्याची निवृत्तांची संघटना. पोस्ट, रेल्वे, एसटी, वीज मंडळ, जुने लोक एकमेकांना धरून असतात. तिथे मुलीबद्दल विचारू नका. वडिलांबद्दल विचारा, तेही "आम्ही शेजारी होतो" असं सरळ सांगून.

तिसरं ठिकाण मला बँकेतल्या मित्रामुळे कळलं, कारण त्याचं आणि तिचं माहेरचं आडनाव एकच. त्याच्याकडे त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता, जाडजूड, २००६ साली छापलेला. पुष्कळ मराठी घराण्यांनी असे कुलवृत्तांत काढलेत. पिढ्यांचे तक्ते असतात, पुढे एकेका माणसाची दोन-चार ओळींची माहिती. आणि नीट केलेल्या कुलवृत्तांतात मुलींची सासरची नावंही दिलेली असतात. मित्राच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मी तिच्या वडिलांचं पान काढलं. मुलाच्या नावाखाली मुलीचं नाव, कंसात सासरचं, जन्म १९६२, बी.ए., आणि पुढे दोन शब्द: संगीत विशारद. गाव पुणे.

मी खाली बसलो. मित्रानं पाणी दिलं. पुणे वाचून नव्हे, 'विशारद' वाचून. आम्ही दोघांनी गाण्या-वाजवण्याच्या परीक्षांतली प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा एकाच दिवशी दिली होती. नागपूरला जाऊन, लग्न करून, संसारात पडूनही ती मध्यमा आणि विशारदपर्यंत गेली होती. म्हणजे तानपुरा सुटला नव्हता.

ज्यांच्या घराण्यात असं पुस्तक नाही त्यांनी मूळ गावची वाट धरावी. जत्रेला, कुलदैवताच्या उत्सवाला भाऊबंद येतात, आणि 'बदलीवर नागपूरला गेलेले अमुक' म्हटलं की कुणीतरी मान डोलावतंच.

काय करू नका तेही सांगतो. वाड्याच्या नाहीतर शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा जुना फोटो टाकून 'कुणाला माहिती आहे का' विचारू नका. तो फोटो तिच्या सुनेच्या मोबाइलवर कुणाच्या तरी मल्लिनाथीसकट पोचेल. परीक्षा मंडळाच्या नाहीतर शाळेच्या कचेरीत पत्ता मागू नका, त्यांनी तो देऊही नये. सरकारी याद्यांतून पत्ता हुडकून दारात जाऊन उभे राहू नका. आणि गर्दीत शोधू नका. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. आमच्या लहानपणी तो रात्रभर चालायचा, आम्ही मुलं घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसायचो. आता मुकुंदनगरला असतो आणि बहुतेक दिवशी रात्री दहापर्यंत संपतो. किती डिसेंबर मी तिथे मंचाकडे बघायचं सोडून बायकांच्या रांगांकडे बघत बसलो. गाणंही गेलं आणि हाती काही लागलं नाही.

निरोप कसा पाठवावा

पत्रिकेवरून भावाचा माग लागला, तो नाशिकला निघाला. त्याला फोन केला आणि तिचा नंबर मागितला नाही. हे फार महत्त्वाचं. "माझं एक पत्र तिच्यापर्यंत पोचवशील का? तुला योग्य वाटलं तर," इतकंच म्हणालो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "पेटीवाला ना रे तू?"

भावाला आणखी एक गोष्ट विचारून घ्या: पत्रावर काय लिहू, सौ. की श्रीमती? आपल्या वयात हा प्रश्न न विचारता पाकिटावर काहीतरी लिहून टाकणं म्हणजे कुणाच्या तरी जखमेवर बोट ठेवणं. तो म्हणाला, सौ. लिही, आमचे भावजी खणखणीत आहेत. मला त्या क्षणी काय वाटलं ते लपवत नाही. माझी पत्नी २०१८ साली गेली. मनाच्या एका कोपऱ्यात मी काहीतरी मांडून ठेवलं होतं, ते तिथल्या तिथे मोडलं. दोन दिवस पत्र लिहिलं नाही. मग लिहिलं, कारण तिला शोधायचं ते ती ती आहे म्हणून, माझं घर रिकामं आहे म्हणून नव्हे, हे त्या दोन दिवसांत माझं मला कळलं. तुम्हालाही हे दोन दिवस लागतील. ते घ्या.

पत्राला माझा एकच निकष होता. तिच्या नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं तरी कुणाची मान खाली जाता कामा नये. पहिलं चार पानी झालं, ते फाडलं. शेवटी हे पाठवलं:

"सप्रेम नमस्कार. मी वाड्यात जिन्याखालच्या खोलीत राहणारा, गुरुजींच्या क्लासमध्ये पेटी वाजवणारा मुलगा. तुम्ही विशारद झालात हे वाचून फार आनंद झाला. मीही पेटी सोडली नाही. माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा-सून बेंगळुरूला असतात. क्लासच्या गुरुपौर्णिमेचा एक फोटो माझ्याकडे आहे, त्यात तुम्ही आहात. हवा असल्यास प्रत पाठवेन. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. घरातल्या सर्वांना नमस्कार."

पाकीट बंद केलं नाही. भावाला म्हटलं, वाच आणि मगच पाठव.

यात 'तुम्ही' मुद्दाम आहे. लहानपणी आम्ही अरे-तुरे करायचो, पण मधल्या चव्वेचाळीस वर्षांत ती कुणाची तरी सासू झाली होती. 'तू' वर यायचं असेल तर ते तिनं यायचं, आपण नाही.

मग थांबायचं. भावाला पुन्हा फोन नाही, 'पोचलं का' नाही. मी सहा आठवडे थांबलो. रोज सकाळी षड्ज लावून बसायचो आणि कान फोनकडे. सातव्या आठवड्यात मंगळवारी दुपारी अनोळखी नंबर आला. आवाज जड झाला होता, पण शब्द तोडायची पद्धत तीच. मी "नमस्कार, बोला" म्हणालो, तर म्हणाली, "अरे, मला काय बोला म्हणतोस? आणि पत्रात तुम्ही-तुम्ही काय लावलं होतंस?"

पहिली भेट

जागा तिला ठरवू द्या. तुमच्यावर सोडलीच तर वाड्याची जागा टाळा. तिथे आता चार मजली इमारत आणि खाली पार्किंग आहे, पहिल्याच भेटीत दोघांनी मिळून ते बघू नये. गजबजलेलं हॉटेलही नको, रांगेत उभ्या लोकांची नजर टेबलावर असते. तिनं सारसबाग सांगितली, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी अकराला. फिरायला येणारे तोवर परतलेले असतात. बाकावर शेजारी-शेजारी बसून समोर तळ्यातल्या गणपतीच्या कळसाकडे बघत बोलता येतं. समोरासमोर बसलं की पहिली दहा मिनिटं माणूस समोरच्याच्या सुरकुत्या मोजत राहतो.

ती नवऱ्याला घेऊन आली. मी तयारीत नव्हतो. तुम्ही असा. ते उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, हातात थर्मास. मी उभा राहिलो. ते हसून म्हणाले, "ते भीमपलासवाले तुम्हीच का?" त्यांना सगळं माहीत होतं. दहा मिनिटं बसले, कॉफी ओतून दिली, आणि "मी दर्शन घेऊन दोन चकरा मारून येतो" म्हणून उठले.

भीमपलास म्हणजे काय, ते मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. मी फोटो नेला होता. तिनं पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, कडा उंदरानं कुरतडलेल्या. आत माझं अक्षर. ती तापानं आजारी असताना क्लास बुडला होता, तेव्हा मी भीमपलासची बंदिश तिच्या वहीत स्वरलिपीसकट उतरवून दिली होती. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात. भीमपलासात गंधार आणि निषाद दोन्ही कोमल. मी निषादाखाली रेघा दिल्या होत्या, स्थायीच्या, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाच्या, दुसऱ्या ओळीतल्या गंधाराखाली द्यायची राहिली होती. तिनं वहीत बघून शुद्ध गंधार घोटला आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर तोच गायली. गुरुजी फार बोलले तिला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. वही कुणी लिहिली ते गुरुजींनी विचारलं तेव्हा "मीच" म्हणाली.

मी त्या वेळी पेटीवर, तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि मला यातलं काही कळलं नव्हतं. आता त्या ग च्या खाली लाल शाईची रेघ होती. गुरुजींची. लाल शाई पुढच्या पानावरही उमटली होती.

"घरी यांना सांगितलंय मी, एका मुलासाठी बोलणी खाल्ली म्हणून," ती म्हणाली.

मग मी तो प्रश्न विचारला. पेपरात माझं नाव कधी बघितलं नाहीस का? बघितलं, म्हणाली. एकदा आलीही होती, २००९ साली, एका छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमाला. मागच्या रांगेत बसली. कार्यक्रम संपल्यावर सगळे गायकाभोवती जमले, मी एका बाजूला पेटीचा भाता बंद करून कड्या लावत होतो. यायला निघाली आणि घड्याळाकडे बघितलं. सासूबाईंना नऊला इन्सुलिन द्यायचं असायचं. परत फिरली. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलीचं बाळंतपण, आणि नंतर वाटलं की आता फार उशीर झाला.

हे तिसरं कारण. मी तेरा वर्षं 'विसरली की नको आहे' यात घालवली होती.

पहिल्या भेटीला तासाभराची मर्यादा ठेवा आणि दोघांपैकी एकानं ती पाळा. वाद्य नेऊ नका. 'मी हे तुझ्यासाठी वाजवायचो' असलं काही बोलू नका. मंचावरून तिचं नाव घेऊन राग अर्पण करणं तर नकोच. बाकी सगळे टाळ्या वाजवतील, तिला मात्र खुर्चीत अंग चोरून बसावं लागेल.

घरच्यांना दुसऱ्या भेटीच्या आत सांगून टाका. मुलाला मी त्याच रात्री फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बाबा, फोटो पाठवा ना." एवढंच झालं.

पुन्हा एकत्र गाणं

ती आता गुरुवारी दुपारी तीनला येते. कधी तिचे यजमान स्कूटरवर सोडतात आणि पेपर वाचत गॅलरीत बसतात, कधी ती सिंहगड रोडवरून बसनं येते. भीमपलास दुपारचाच राग, त्यामुळे वेळ जमून गेली.

इथे साथ करणाऱ्यांसाठी एक नाजूक गोष्ट आहे. मुलगी असताना ती काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायची. माझ्या बोटांना तीच पट्टी आठवत होती, पहिल्या गुरुवारी मी न विचारता काळी पाचचा सा दिला. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आवाज चिरला. ती थांबली, पदर सारखा केला. तो एक क्षण मला अजून सलतो. वयानुसार आवाज उतरतो, आणि साठीतल्या गायिकेची पट्टी काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, कुठेही असू शकते. आधी विचारा, "आज कितीत गायचं?" 'आज' हा शब्द घालूनच विचारा, म्हणजे कालच्या पट्टीचा विषय निघत नाही. आम्ही दोन-तीन गुरुवार चाचपडून काळी तीनवर स्थिरावलो. तिथे तिचा मंद्र, खालचा आवाज, असा लागतो की चौदाव्या वर्षी तो तिच्याकडे नव्हताच.

तंबोरा वर्षानुवर्षं गवसणीत पडलेला असेल तर थेट खुंट्या पिळू नका. तारा गंजलेल्या असतात, तुटून हाताला लागतात. भोपळ्याला तडा आहे का ते आधी उजेडात बघा. तिच्या तंबोऱ्याच्या चारही तारा बदलल्या आणि जवारी काढून घेतली, म्हणजे तारा झणकाराव्यात म्हणून घोडी घासून घेतली. काळी पाचसाठी बसवलेल्या तारा काळी तीनला उतरवल्या की सैल पडतात आणि तंबोरा बोलत नाही, म्हणून कारागिराला पट्टी सांगूनच तारा निवडा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कारागिरांचं काम वेगळंच असतं. पण साध्या दुरुस्तीसाठी पुण्यातही हात मिळतात. मधल्या काळात मोबाइलवरचा तानपुरा लावायला हरकत नाही. आम्ही दोन महिने तेच केलं.

आणि ती यायच्या आधी तंबोरा लावून ठेवू नका. वेळ वाचावा म्हणून मी तसं करायचो, तिला ते आवडायचं नाही, पण ती बोलायची नाही. आता ती येते, पाणी पिते, तंबोरा उभा करून घेते. मी पेटीवर काळी तीन दाबून नुसता सा दाखवतो आणि हात काढून घेतो. पंचमाची तार मात्र पेटीवरून लावायची नाही. पेटीचे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा पंचम खऱ्या पंचमापेक्षा केसभर उतरलेला असतो. तो तिच्या कानानंच लागायला हवा. आधी जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालचा सा, शेवटी पंचम. खुंटी पिळून झाली की ती तारेतला मणी बोटानं जरासा खाली सारते, डोळे मिटते, पुन्हा सारते. यात कधी दहा मिनिटं जातात, कधी वीस. गॅलरीतला पेपरचा आवाजही थांबलेला असतो.